घोड्याची नालबंदी : गरम की थंड?

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘नालबंदी’ हा शब्द आढळतो. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या शिलेदारास मोहिमेपूर्वी घोड्याच्या तयारीसाठी जी रक्कम आगाऊ दिली जाई, तिला हे नाव होते. त्या खर्चास दाण्याचे, वैरणीचे किंवा खोगिराचे नाव न पडता नालाचे नाव पडावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दाणा-वैरण वाटेत कोठेतरी मिळू शकते. परंतु पायाने अधू झालेला घोडा जागचा हलत नाही, हे त्या काळच्या लोकांनी पक्के ओळखले होते.

मुंबईतही एके काळी वाहतुकीचा मोठा भार घोड्यांवर होता. १८७४ साली येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ साली विजेची ट्राम आल्यावर तिची गरज सरली. उपनगरांतील स्टेशनांबाहेर उभे राहणारे टांगे रिक्षा आणि बसगाड्या वाढल्या तसे नाहीसे झाले. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविणारा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. आता अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत घोडा दृष्टीस पडतो तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत किंवा रपेट शिकविणाऱ्या तबेल्यात. उपनगरांपासून थोड्या अंतरावर असलेल्या माथेरानात मात्र दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना मज्जाव असल्यामुळे, घोड्यावर पोट असलेली कुटुंबे अद्यापही आहेत.

घोडे कमी झाले तसे नालबंदही कमी झाले. जाणता नालबंद सहजी मिळत नाही. मिळाला तर त्याच्यामागे दहा ठिकाणची घाई असते. अशा वेळी काम बरे झाले की वाईट, हे मालकास स्वतःलाच ओळखता आले पाहिजे. ‘नाल तापवून बसवावा की थंडच ठोकावा?’ हा प्रश्न मालक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी खूर म्हणजे काय हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे.

खुराची रचना

घोड्याचा खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे. बाहेरून दिसणारे कठीण आवरण ही खुराची भिंत होय. ती आपल्या नखासारख्याच पदार्थाची बनलेली असून तिच्यात रक्त नाही व संवेदनाही नाही. भिंतीच्या आत मात्र रक्तवाहिन्यांनी व मज्जातंतूंनी भरलेला जिवंत भाग असतो आणि त्याच्या आत हाड असते. खूर उचलून खालून पाहिल्यास तीन भाग दिसतात. कडेने भिंतीची जाड किनार, तिच्या आत किंचित खोलगट तळवा, आणि मागच्या बाजूने मध्यापर्यंत निमुळता होत गेलेला रबरासारखा लवचिक त्रिकोणी भाग. या त्रिकोणी भागास पुतळी म्हणतात.

भिंत आणि तळवा जेथे जुळतात तेथे एक फिकट पांढुरकी रेषा दिसते. नालबंदाच्या दृष्टीने ही रेषा म्हणजे शेताचा बांध आहे. रेषेच्या बाहेर निर्जीव भिंत, आत जिवंत भाग. खिळा या रेषेच्या बाहेरच राहिला पाहिजे. तो आत शिरला की घोडा लंगडलाच असे समजावे.

खुरास आणखी एक गुण आहे. पाय जमिनीवर टेकून भार पडला की टाचेकडील भाग किंचित फाकतो व पाय उचलला की पूर्ववत होतो. या हालचालीमुळे धक्का कमी होतो आणि खुरातील रक्ताभिसरणास मदत होते. उभ्या घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार पुढील दोन पायांवर असतो. म्हणून पुढील पायांच्या नालबंदीतील चूक लवकर जाणवते.

खुराची भिंत महिन्याला सुमारे ८ ते १० मिलिमीटर वाढते. रानात मोकळ्या फिरणाऱ्या घोड्याची ही वाढ चालण्यानेच झिजून जाते. डांबरी रस्ता, फरसबंदी किंवा खडकाळ वाट यांवर रोज काम करणाऱ्या घोड्याचे खूर वाढीपेक्षा अधिक वेगाने झिजतात व तळवा दुखावतो. ही झीज थांबविण्यासाठी नाल मारावा लागतो. परंतु नाल मारल्यावर झीज पूर्णच थांबते आणि वाढ तर चालूच राहते. पुढचा भाग लांबत जातो, नाल पुढे सरकतो, टाचा नालाबाहेर पडतात. म्हणून नाल झिजला नसला तरी साधारणपणे पाच ते सहा आठवड्यांनी तो काढून, खूर तासून, पुन्हा बसविणे अवश्य असते. नाल पडेपर्यंत वाट पाहणे ही काटकसर नव्हे.

गरम नालबंदी

या पद्धतीत नालबंदाजवळ भट्टी, भाता आणि ऐरण असावी लागते. प्रथम जुना नाल काढून खूर तासून सपाट करतात. मग नाल भट्टीत लाल करून ऐरणीवर त्या विशिष्ट खुराच्या आकाराप्रमाणे ठोकून घडवितात. लाली उतरून नाल काळसर झाला, पण पुरेसा तप्त आहे, अशा वेळी टोकदार सळईने तो उचलून खुरावर क्षणभर टेकवितात. धूर निघतो आणि शिंग जळाल्याचा उग्र वास येतो. नाल उचलल्यावर खुरावर तपकिरी डाग पडलेले दिसतात.

या पद्धतीचा खरा उपयोग त्या डागांत आहे. डाग सर्व कडेने सारखा पडला असेल तर खूर व नाल एकमेकांस मिळाले असे समजावे. डाग तुटक असेल तर जेथे डाग आहे तेथे उंचवटा, जेथे नाही तेथे खोलगा. उंचवटा कानसेने घासून किंवा नाल पुन्हा ठोकून हा फरक काढावयाचा असतो. नाल मिळाला की तो पाण्यात विझवून थंड करतात आणि मगच खिळे मारतात. तापलेला नाल ठोकला जात नाही, ही गोष्ट ज्यांनी काम जवळून पाहिले नाही त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

गरम लोखंड हवे तसे वळते. त्यामुळे जाड नालही नेमक्या आकाराचा करता येतो. टाचेकडील टोके आवश्यक तेवढी वळविता येतात. नालाच्या पुढील कडेवर लहानशी पाकळी उठविता येते. ही पाकळी खुराच्या भिंतीवर बसून नाल मागे सरकू देत नाही. शिवाय तप्त नालाच्या स्पर्शाने खुराच्या कापलेल्या पृष्ठभागावरील बारीक नळ्यांची तोंडे बंद होतात व ओल आत शिरण्यास थोडा अटकाव होतो.

‘तप्त नालाने घोड्यास भाजते’ अशी एक समजूत आहे. खुराची भिंत निर्जीव असून ती उष्णता सावकाश आत नेते. त्यामुळे तीन-चार सेकंदांच्या स्पर्शाने घोड्यास वेदना होत नाहीत. घोडा बिचकतो तो बहुधा धुराला आणि आवाजाला. परंतु या समजुतीत एक सत्याचा अंशही आहे. नाल अधिक वेळ दाबून धरला, किंवा तळवा आधीच तासून पातळ केलेला असला, तर आतील जिवंत भागास खरोखरच इजा होते. काही नालबंद कानस चालविण्याचा त्रास वाचविण्यासाठी तप्त नाल दाबून धरून खूर जाळतच सपाट करतात. ही गरम पद्धत नव्हे. तो तिचा दुरुपयोग होय. तप्त नाल हा खोट दाखविण्यासाठी आहे, खोट झाकण्यासाठी नाही.

थंड नालबंदी

या पद्धतीत तयार नाल न तापविता ऐरणीवर ठोकून शक्य तितका खुराच्या आकाराचा करतात व तसाच बसवितात. आपल्याकडे फिरत्या नालबंदांत हीच पद्धत पूर्वापार अधिक रूढ आहे. हातोडा, सांडशी, खूर तासण्याचा चाकू, कानस, लहान ऐरण आणि पिशवीभर नाल एवढ्या सामानावर नालबंद गावोगाव फिरू शकतो. वाटेत नाल पडला तर भट्टीची वाट न पाहता काम भागते. धुरास घाबरणाऱ्या घोड्यास आणि ज्याचा तळवा फार पातळ आहे अशा घोड्यास ही पद्धत सोयीची पडते. शर्यतीच्या घोड्यांस मारले जाणारे अॅल्युमिनियमचे हलके नालही थंडच बसवितात. महालक्ष्मीच्या मैदानावर धावणाऱ्या घोड्याचा नाल पातळ व हलका असतो. तो वारंवार बदलला जातो आणि त्याच्यावर तज्ज्ञाची नजर असते. तोच नाल माथेरानच्या दगडगोट्यांवर चालणाऱ्या घोड्यास मारणे मात्र शहाणपणाचे ठरणार नाही.

थंड पद्धतीची उणीव उघड आहे. थंड लोखंड फार वळत नाही. नाल जाड असला तर तो खुरास मिळविण्यास वेळ व श्रम लागतात, आणि नेमका येथेच कामचुकारपणास वाव मिळतो. नाल खुराप्रमाणे न वळविता नालबंद तो तसाच ठोकतो आणि नालाबाहेर राहिलेली भिंत कानसेने घासून टाकतो. वरून काम नीटनेटके दिसते. परंतु ज्या भिंतीत खिळ्यांनी धरावयाचे, तीच भिंत पातळ झालेली असते. पुढच्या खेपेस खिळ्यास जागा उरत नाही. खूर चिरफळतो, नाल वरचेवर पडू लागतो, आणि मालक म्हणतो की घोड्याचे खूरच वाईट.

मग श्रेष्ठ कोणती?

दोन्ही पद्धतींचा विचार केल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. नाल तापविला की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न हा की, नाल खुरासाठी घडविला, की नालासाठी खूर कापला? कुशल हाताने थंड बसविलेला नाल अकुशल हाताने गरम बसविलेल्या नालापेक्षा केव्हाही चांगला. दोन्हींत कौशल्य सारखेच असेल तर जड, रोजच्या कष्टाच्या व कठीण वाटेवरच्या घोड्यास गरम पद्धत अधिक हितावह ठरते, कारण तिच्यात मिळवणी अधिक नेमकी होते. हलक्या कामाच्या घोड्यास आणि भट्टीची सोय नसलेल्या ठिकाणी थंड पद्धत पुरेशी आहे. मात्र नाल पातळ व वळणारा असावा आणि नालबंदाने ऐरणीवर त्यास पुरेसा वेळ द्यावा.

चांगल्या कामाची ओळख

नालबंद कामास लागण्यापूर्वी काय करतो, यावरूनच त्याची बरीच पारख होते. जाणता नालबंद आधी घोडा सपाट जागेवर उभा करून समोरून व बाजूने पाहतो आणि दहा-वीस पावले चालवून घेतो. जुना नाल काढल्यावर तो कोठे अधिक झिजला हेही पाहतो, कारण घोडा पाय कसा टाकतो हे झिजलेला नाल सांगतो. नाल उपटण्यापूर्वी वाकविलेली खिळ्यांची टोके तो सरळ किंवा मोकळी करतो. तसे न करता सांडशीने नाल ओढून काढणारा भिंतीचे तुकडेही बरोबर काढतो.

तासण्याच्या वेळी भिंतीची वाढ तेवढी काढावी. तळव्याचा सुटलेला, भुगा झालेला भाग काढण्यास हरकत नाही. पण तळवा अंगठ्याने दाबला असता दबेल इतका पातळ करू नये. पुतळीचा लोंबता, कुजका भाग तेवढा कापावा. सुबक दिसावी म्हणून ती कोरू नये. पुतळी ही धक्का सोसणारी गादी आहे.

काम पुरे झाल्यावर मालकाने पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात :

१. घोडा सपाट जमिनीवर उभा करून बाजूने पाहावे. खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ आणि तिच्या वरच्या घोट्याच्या भागाची रेघ एका सरळ रेषेत असावी. ती खुरापाशी मोडलेली दिसली तर खूर पुढे लांब राहिला आहे किंवा टाचा फाजील उंच राहिल्या आहेत.

२. समोरून पाहावे. खुराची आतली व बाहेरची बाजू सारख्या उंचीची असावी आणि दोन्ही पुढचे खूर एकमेकांशी जुळते असावेत.

३. खूर व नाल यांच्या मधून कोठेही उजेड दिसू नये. फट असू नये.

४. नालाची कड पुढे व बाजूंस खुराच्या कडेशी मिळालेली असावी. टाचेकडे मात्र नाल किंचित रुंद असावा, म्हणजे भार पडून टाच फाकली तरी ती नालावरच राहते. नालाची टोके टाचेच्या शेवटापर्यंत पोहोचलेली असावीत.

५. खिळे खुराच्या पुढच्या भागातच असावेत. खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागे खिळे मारल्यास टाचेची हालचाल जखडली जाते. मध्यम घोड्यास सहा ते सात खिळे पुरतात; गरजेपेक्षा अधिक खिळे म्हणजे अधिक छिद्रे आणि तितकीच कमजोर भिंत.

६. भिंतीबाहेर निघालेली खिळ्यांची टोके साधारण एका ओळीत, नालापासून सुमारे दोन सेंटीमीटर उंचीवर असावीत. फार खाली निघालेला खिळा धरत नाही. फार वर निघालेला खिळा जिवंत भागाजवळून गेल्याचा संभव असतो.

७. मुडपलेली टोके लहान, सपाट व भिंतीत बसलेली असावीत. बोट फिरविले असता टोचू नयेत, नाहीतर चालताना दुसऱ्या पायास इजा होते.

८. खुराच्या भिंतीवरील नैसर्गिक चकाकी कायम असावी. मुडपलेल्या टोकांच्या वरपर्यंत कानस फिरलेली दिसल्यास नैसर्गिक लेप निघून जाऊन खूर कोरडा व ठिसूळ होतो.

९. शेवटी घोडा कठीण जमिनीवर चालवून व मंद दुडकी घालून पाहावा. नालबंद जाण्यापूर्वीच ही तपासणी करावी.

खिळा मारतानाचा आवाजही पुष्कळ काही सांगतो. नालाच्या खिळ्याच्या टोकाची एक बाजू उतरती असते. ती आतल्या बाजूस ठेवली म्हणजे खिळा आपोआप बाहेर वळतो. कठीण भिंतीतून जाणारा खिळा दर घावास खणखणीत आवाज देतो. आवाज एकाएकी बोदा झाला, खिळा लोण्यात शिरल्यासारखा सरकला किंवा घोड्याने पाय झटकला, तर तेथेच थांबून खिळा काढून पाहिला पाहिजे. जाणत्या नालबंदास खिळा परत काढण्याची लाज वाटत नाही.

नाल मारताना घोड्यास मारझोड करणे, पाय अवघड उंच ओढून धरणे किंवा एकाच पायावर फार वेळ उभे ठेवणे हे अनाडीपणाचे लक्षण समजावे. शिंगरू लहान असल्यापासून त्याचे पाय रोज उचलून, खुरांवर हाताने थोपटण्याची सवय लावली तर पुढे ही अडचण येत नाही. हे काम नालबंदाचे नसून मालकाचे आहे.

खिळा लागल्यास काय करावे?

खिळा जिवंत भागात शिरला तर घोडा बहुधा तत्काळ लंगडतो. परंतु खिळा जिवंत भागाच्या अगदी जवळून जाऊन दाब देत राहिला, तर लंगडणे दोन-तीन दिवसांनी दिसू लागते. तोपर्यंत नालबंद निघून गेलेला असतो आणि मालक पायाच्या वरच्या भागास तेल चोळीत बसतो. म्हणून नाल मारल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात घोडा लंगडला तर आधी खुराकडेच पाहावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. दुखरा खूर हातास दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. प्रत्येक खिळ्यापाशी हातोडीने हलके ठोकून पाहिल्यास दोषी खिळ्यापाशी घोडा पाय ओढून घेतो.

अशा वेळी काम तत्काळ बंद करून नाल काळजीपूर्वक काढावा व प्रत्येक खिळा निरखून पाहावा. खिळ्यावर रक्त, पू किंवा दुर्गंधीयुक्त ओल दिसल्यास पशुवैद्यास बोलावण्यात दिरंगाई करू नये. आत पू कोंडला तर त्यास खालून वाट करून द्यावी लागते. नाहीतर तो वरच्या कडेने फुटतो आणि घोडा दीर्घकाळ निकामी होतो. घोड्यास धनुर्वाताची बाधा इतर बहुतेक जनावरांपेक्षा सहज होते आणि ती पुष्कळदा प्राणघातक ठरते. खिळ्याची जखम खोल, अरुंद व घाणीने भरलेली असते. धनुर्वाताच्या जंतूंस अशी जागा अनुकूल पडते. यास्तव घोड्यास धनुर्वातप्रतिबंधक लस नियमाने टोचून घ्यावी आणि जखम होताच ती गोष्ट पशुवैद्यास सांगावी. जखमेत चुना, राख किंवा रॉकेल भरू नये.

लंगड्या घोड्यास ‘आजचे भाडे तेवढे’ म्हणून कामास जुंपणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याच्या ११ व्या कलमान्वये, रोग, जखम किंवा व्यंग यांमुळे अयोग्य झालेल्या जनावरास कामास लावणे दंडनीय आहे. कायदा बाजूस ठेवला तरी हिशेब साधा आहे. एका दिवसाचे भाडे मिळविण्यासाठी महिन्याचे उत्पन्न गमावणे परवडणारे नाही.

उपनगरातील पावसाळा

मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तबेल्यात सतत चिखल, मुत्र व शेण यांत उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर मऊ पडतात, खिळ्यांची छिद्रे रुंदावतात व नाल सैल होतो. पुतळी कुजून काळी पडते व तिला घाण वास येतो. यावर सर्वांत मोठा उपाय म्हणजे कोरडी जागा. तबेल्याची जमीन उताराची व निचऱ्याची असावी, खालचे गवत रोज बदलावे आणि दररोज दोन वेळा खूर उचलून बोथट आकड्याने टाचेकडून पुढच्या बाजूस साफ करावेत. या वेळी नाल हलतो काय, एखादे मुडपलेले टोक उठले आहे काय, हेही सहज दिसून येते.

पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की मऊ झालेले खूर एकदम वाळतात व भिंतीस चिरा पडतात. या संधिकाळात नालबंदी पुढे ढकलू नये. गुळगुळीत फरशीवर किंवा ओल्या डांबरावर लोखंडी नाल घसरतो; अशा वाटेवर घोडा पळवू नये. जो घोडा फार दिवस कामाविना राहणार आहे, त्याचे नाल काढून, खुरांच्या कडा गोल करून, त्यास मऊ जमिनीवर मोकळा ठेवणे हिताचे असते. खुरास त्यायोगे विसावा मिळतो.

बैलांच्या पत्र्या

शेतकऱ्याच्या दारी घोडा नसला तरी बैल असतो, आणि उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलास पक्क्या रस्त्यावर पत्री मारावीच लागते. बैलाचा खूर दुभंगलेला असल्यामुळे प्रत्येक नखीस स्वतंत्र पातळ पत्री लागते. ती थंडच बसवितात. बैलाच्या नखीची भिंत घोड्याच्या मानाने पातळ असते. म्हणून खिळे बारीक असावेत व भिंतीच्या बाहेरच्या अंगास राहावेत. बैल पाडताना खाली मऊ जमीन किंवा गवत असावे, पोट भरलेले असताना त्यास पाडू नये, आणि काम होताच दोर सोडून त्यास उठू द्यावे. बाकी कसोटी घोड्याचीच लागू आहे. पत्री नखीएवढी असावी; पत्रीएवढी नखी कापू नये.

ग्रामसेवकांचे कार्य

आपल्या क्षेत्रात नालबंद कोण आहेत, ते कोणत्या दिवशी कोठे येतात, याची नोंद ग्रामसेवकाने ठेवावी व पाच-सहा मालकांनी मिळून ठराविक दिवशी त्यांना बोलावावे. त्यायोगे नालबंदास एके ठिकाणी पुरेसे काम मिळते, घाई टळते आणि भट्टी लावणेही परवडते. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घेण्यास जाणाऱ्यांस रंग, भोवरा व चाल यांच्याबरोबरच चारही खूर उचलून पाहण्याचा सल्ला द्यावा. मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व तेथील जनावरांचा दवाखाना आहे. उपनगरातील मालकांनी अवघड लंगडेपणात तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास संकोचू नये.

नालबंदाच्या मजुरीत घासाघीस करून वाचणारे पैसे थोडे असतात. बिघडलेला खूर नवा येण्यास मात्र नऊ महिने ते वर्ष लागते. खूर वरून खाली वाढत येतो आणि आज झालेली चूक जमिनीशी येऊन झिजेपर्यंत मालकास तिची आठवण देत राहते. तेव्हा नाल गरम मारला की थंड, हे विचारण्याबरोबर खूर उचलून तो कसा बसला आहे हे पाहण्याची सवय प्रत्येक मालकाने लावून घ्यावी. ज्याचा मालक पाहतो, त्याचे काम नालबंदही जपून करतो.